भाताबरोबर आज काय?

गोव्यातल्या घरात भात गृहीत धरलेलाच असतो. उकड्या तांदळाचा असो की सुरय (न उकडलेल्या), त्याबद्दल कुणी विचारत नाही. विचारायचं ते भाताबरोबर काय आहे, हे. हुमण म्हणजे मासळीचं कालवण, तोणाक म्हणजे कडधान्याची वाटणातली रस्साभाजी, एखादी भाजी, तव्यावर परतलेला मासळीचा तुकडा, सोलांची कढी, अगदीच काही नसलं तर भाजलेलं खारं, म्हणजे खारवलेली सुकी मासळी. पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात या प्रश्नाला पाच-सहा उत्तरं असतात. पंचवीस तारखेच्या पुढे एक किंवा दोन. भात मात्र तेवढाच शिजतो, कधी वाटीभर जास्तच, कारण सोबतचं कमी पडलं की पोट भातानेच भरायचं असतं.

महागाईचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर भूक येते. गोवा हे दरडोई उत्पन्नात देशात अगदी वरच्या रांगेत बसणारं राज्य. इथे उपाशी झोपणारं घर पटकन दाखवता येत नाही, म्हणून सगळं बरं चाललंय असा समज होतो. मला गेली काही वर्षं जे दिसतंय ते वेगळं आहे. पोट भरतंय आणि ताट आटतंय. हे इतकं हळूहळू होतं की रांधणाऱ्या बाईच्याही लक्षात येत नाही. तिला एवढंच आठवतं की पूर्वी आपल्याकडे अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) जास्त व्हायचे, मुळ्याचा पाला व्हायचा, घरात केळीचा घड टांगलेला असायचा. कधी थांबलं ते सांगता येत नाही, कारण ते एका दिवसात थांबलेलंच नसतं.

मी म्हापशात राहते, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. माहेर पेडण्यातल्या एका गावात. या दोन घरांमध्ये अंतर तासाभराचं, पण ताटाच्या बाबतीत ती दोन वेगळ्या देशांत असावीत इतकी लांब आहेत. माहेरी पैसा कमी होता आणि ताटात जिन्नस जास्त होते. हे मला फार उशिरापर्यंत विशेष वाटलं नव्हतं. मागे परस होतं. शेवग्याचं झाड, अळवाची रांग, विहिरीच्या पाण्यावर वाढलेली तांबडी भाजी, दोन-चार केळी, एक फणस, पपई तर आपोआप उगवलेली. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात तायकिळो यायचा, मग तेरें, कुड्डुक, किल्लं, अशा रानभाज्या. श्रावण लागायच्या सुमाराला कुणीतरी रानातून आळमी, म्हणजे अळंबी, आणून द्यायचं. हे सगळं फुकट होतं असं म्हणायचं आपण, पण ते खरं नाही. त्यामागे जमीन होती, पाणी होतं आणि दिवसभर घरी असलेली एक बाई होती, जी पाला निवडायची, अळवाची खाज घालवायला आमसुलं टाकायची, फणसाच्या बिया धुऊन वाळत घालायची. तिच्या वेळेची किंमत कुणी धरत नव्हतं, म्हणून भाजी फुकट वाटायची.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी नोंदली गेली. देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. म्हणजे दर दहा माणसांतले सहा जण शहरी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरामागे परस नाही, किंवा असलं तरी तिथे आता स्कूटर उभी आहे. जे मागच्या दाराने यायचं ते आता पुढच्या दाराने, पैसे मोजून येतं. पावसात म्हापशाच्या बाजारात पानात बांधलेल्या आळम्यांच्या मुठीएवढ्या पुडक्याला शेकडो रुपये पडतात. तायकिळ्याची जुडी, जो आम्ही रस्त्याकडेचा म्हणून कधी कधी नाक मुरडून खायचो, तीही विकत. मला त्या विकणाऱ्या बायकांबद्दल जराही तक्रार नाही. सकाळी पाचला रान तुडवून, बस पकडून त्या येतात. त्यांना मिळावेत ते पैसे. पण गरिबाच्या ताटातली विविधता ही आता शौकिनाची खरेदी झाली, हेही खरं आहे.

शुक्रवारचा म्हापशाचा बाजार बघायला पर्यटक कॅमेरे घेऊन येतात आणि त्यांना तो रंगीबेरंगी वाटतो. रंगीबेरंगी तो आहेच. पण पिशवी घेऊन उभं राहिलं की त्याचे दोन भाग दिसायला लागतात. एक, जमिनीवर पोतं पसरून बसलेल्या बायकांचा: तांबड्या भाजीच्या जुड्या, आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी, मिरच्या, वालीच्या शेंगा, सोलं, कोकणी दुधी. दुसरा, ट्रकातून उतरलेल्या मालाचा: कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, गाजर, फरसबी. पहिला भाग महाग आणि थोडा, दुसरा त्यामानाने स्वस्त आणि भरपूर. महिनाअखेरीला पाय आपोआप दुसऱ्या भागाकडे वळतात.

हा दुसरा भाग मुख्यतः बेळगावहून येतो. चोर्ला घाट उतरून रोज पहाटे गाड्या येतात आणि त्यावर आमचं राज्य जेवतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सीमा बंद झाल्या, तेव्हा काही दिवसांतच गोव्यातल्या शहरांना कळून चुकलं की आपल्या चुलीची दोरी घाटापलीकडे आहे. गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाडे नाक्यानाक्यावर आहेत, तिथे बाजारापेक्षा कमी दराने भाजी मिळते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला तेव्हा त्या गाड्यांपुढे रांगा लागल्या होत्या. मी त्या व्यवस्थेची मनापासून ऋणी आहे. आमच्या इमारतीतली निम्मी घरं तिच्यावर चालतात. महामंडळ इथल्या शेतकऱ्यांकडूनही माल घेतं, पण रोजचा मोठा भार घाटावरच्या भाजीचाच. त्यामुळे स्वस्त ताट म्हणजे ट्रकात टिकणाऱ्या भाज्यांचं ताट. जी पालेभाजी संध्याकाळपर्यंत माना टाकते, तिला या हिशेबात फारशी जागा नाही.

आणि मग नारळ. गोव्याबाहेरच्या वाचकाला नारळाचं महत्त्व सांगून पटणार नाही, म्हणून एक कालवण कसं होतं तेच सांगते. चार माणसांच्या हुमणाला माझी सासू अख्खा नारळ खवायची. वाटण गंधासारखं मऊ, वरून दाट रस, बांगड्याचे तुकडे त्यात अर्धे बुडालेले, शेवटी ठेचलेली तिरफळं. २०२५ च्या पावसाआधीपासून नारळाने उसळी घेतली आणि मध्यम नारळही पन्नाशीच्या घरात गेला. तेव्हापासून माझं वाटण बदललं आहे. अर्धा नारळ. त्यात एक चमचा भिजवलेले तांदूळ, म्हणजे रसाला दाटपणा येतो. धणे थोडे जास्त, एक भाजलेला कांदा. उरलेली कवड फ्रीजमध्ये, उद्याच्या भाजीवर भुरभुरायला. चव वाईट लागत नाही. मुलांना फरक कळलाही नाही. सासूबाईंनी पहिल्याच घासाला ओळखलं आणि काही न बोलता जेवल्या. पण नारळ वाचवायचा म्हटल्यावर आणखी एक गोष्ट होते: जे पदार्थ नारळाशिवाय होतच नाहीत ते मागे पडतात. मुगाच्या गाठी, अळसांद्यांचं तोणाक, फणसाची भाजी, सुक्या मासळीचं किसमूर. म्हणजे महाग होतो एक जिन्नस आणि त्याच्यामागून चार-पाच पदार्थ घराबाहेर जातात. बाजारभावाच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही.

मासळीचं तर काय सांगावं. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटी बंद असतात. ते योग्यच आहे, मासळीला वाढायला वेळ हवा. या दोन महिन्यांसाठी पूर्वी घरोघरी मे महिन्यातच पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची रीत होती. खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), सोलं, चिंच, मिरच्या, कांद्याच्या माळा, फणसाच्या बिया. मडगावला पुरुमेंताचं फेस्त आजही पावसाच्या तोंडावर भरतं. पण पुरुमेंत भरायला दोन गोष्टी लागतात: एका वेळी हातात बरेच पैसे आणि ठेवायला जागा. चुलीवरचा माळा धुराने कोरडा राहायचा. माझ्या फ्लॅटमध्ये माळा आहे, त्यात सूटकेसा आहेत, आणि जुलैत त्यांनाही बुरशी येते. खारं ठेवलं तर जिन्यापर्यंत वास. म्हणून आम्ही पावसातही लागेल तसं, मूठ-मूठ खारं आणतो, आणि मूठभर घेणाऱ्याला ते नेहमी महागच पडतं.

हे फक्त खाऱ्याचं नाही. आमच्या इमारतीच्या मागच्या चाळवजा खोल्यांत विजापूरकडून आलेलं एक कुटुंब राहतं. नवरा गवंड्याच्या हाताखाली, बायको तीन घरची धुणीभांडी करते, दोन मुलं. एक खोली, एक शेगडी, फ्रीज नाही. ती रोज संध्याकाळी पाव किलो तेलाची पिशवी, दहा रुपयांची मिरची-कोथिंबीर, दोन कांदे, दोन टोमॅटो घेते. मी महिन्याचं सामान एकदम भरते, माझा दर तिच्यापेक्षा कमी. ज्याच्याकडे कमी आहे त्याला प्रत्येक वस्तू चढ्या भावाने घ्यावी लागते. भाजी उरली तर उद्यापर्यंत टिकवता येत नाही, म्हणून ती एकच भाजी करते आणि ती संपेल एवढीच. तिच्या गावाकडे ज्वारीची भाकरी, हिरवा पाला, शेंगदाण्याची चटणी असं ताट असायचं, असं ती सांगते. इथे ज्वारी महाग, भाकरी थापायला वेळ नाही, रेशनचा तांदूळ घरात आहे. मुलं भात आणि टोमॅटोचं सार खाऊन मी शिकवते त्या शाळेत येतात.

मासळीकडे परत येते. बंदी उठली, बोटी सुटल्या की पहिले दिवस सुंगटांचे. मग बांगडे, तारले. आमच्या कोपऱ्यावर मासळी घेऊन बसणारी बाई माझी पिशवी बघूनच ओळखते की तारीख कोणती आहे. “आयज तारले व्हर गो बाय, बांगडे म्हारग आसात,” म्हणते. इसवण (सुरमई), पापलेट, मोठी सुंगटं यांच्याकडे मी आता बघतही नाही. पर्यटनाच्या दिवसांत ती हॉटेलांच्या दारी जातात. तारले मात्र मला मनापासून आवडतात, आणि पोषणाच्या दृष्टीने ते महागड्या मासळीच्या तोडीस तोड आहेत. अडचण वेगळी आहे. मी शाळेतून येते साडेतीनला, नवरा सातला. तारले आणले तर खवले काढा, पोट साफ करा, ओटा धुवा, आणि जेवताना धाकट्याच्या ताटातले काटे काढत बसा. वीस तारल्यांचे काटे काढायला बसणारी आजी घरात असेल तर मूल तारले खायला शिकतं. सासूबाईंची नजर आता अधू झाली. म्हणून घाईच्या दिवशी चिकन येतं. चिरलेलं, साफ केलेलं, काट्यांची भीती नाही, एका कुकरमध्ये होतं.

२०१८ च्या जुलैत बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन सापडल्याच्या बातमीने गोवा हादरला, सरकारने काही दिवस परराज्यांतली मासळी आणायला बंदी घातली. त्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या बऱ्याच घरांत मासळी बंद झाली. पुढे भीती ओसरली. मोठी माणसं परत मासळीकडे आली, पण त्या वेळी दोन-तीन वर्षांची असलेली मुलं काही घरांत परत आलीच नाहीत. त्यांची जीभ चिकनवर बसली होती. एखाद्या मोसमातली भीतीसुद्धा ताटाला कायमचं खिंडार पाडून जाते.

वेळ, माणसं, जागा, दुखणी. घरची परिस्थिती म्हणजे नुसता पगाराचा आकडा नाही, हे मला माझ्याच स्वयंपाकघराने शिकवलं. सासूबाईंना मधुमेह, दात नाहीत. नवऱ्याचा रक्तदाब, मीठ कमी. मोठीला वाटाणे आवडतात, धाकट्याला हिरवं काही दिसलं की ताट सरकवतो. सकाळी सव्वासातला डबे भरून निघायचं असतं. अशा वेळी प्रत्येकासाठी वेगळं करता येत नाही. मग कुणाचाच विरोध नसलेला पदार्थ निवडला जातो. बटाटा. वरण. कोबी. माणसं कमी असली तरी हीच अडचण. एकत्र कुटुंबात दहा-बारा माणसं जेवायची तेव्हा खतखत्यात सुरण, लाल भोपळा, नीरफणस, शेंगा, मुळा, गाजर, मक्याचं कणीस असं सगळं पडायचं आणि एका जेवणात संपायचं. चौघांच्या घरात एवढ्या भाज्या आणल्या तर चार दिवस खतखतंच खावं लागेल. सुरणाची फोड कापून देतात हल्ली, पण किलोच्या भावापेक्षा ती महाग लावतात. आमच्या वरच्या मजल्यावर एक काकी एकट्या राहतात, मुलगा आखातात आहे. पैशाला तोटा नाही. त्या रात्री पेज आणि लोणचं जेवतात. “एकटीसाठी काय रांधायचं गो,” म्हणतात.

पूर्वी वार आणि तिथी या कामी मदत करायचे. सोमवारी, गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, श्रावणात महिनाभर. शिवराक दिवशी वाटाण्याचं किंवा मुगाचं तोणाक व्हायचंच, म्हणजे आठवड्यात कडधान्याची पाळी ठरलेली. आता हात आखडता घ्यावा लागला की शिवराक दिवस वाढतात, पण त्या दिवशी कडधान्य येत नाही, बटाट्याची पातळ भाजी येते. दिवस तोच राहिला, त्याच्या पोटातला जिन्नस बदलला.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने बायकांच्या आहारातली विविधता मोजायला एक सोपा मापदंड केला आहे. अन्नाचे दहा गट: धान्य-कंद, कडधान्य, तेलबिया-सुकामेवा, दूधदुभतं, मांस-मासळी, अंडी, गडद पालेभाज्या, अ-जीवनसत्त्व देणाऱ्या पिवळ्या-केशरी भाज्या-फळं, इतर भाज्या, इतर फळं. चोवीस तासांत यातले निदान पाच पोटात गेले पाहिजेत. हा मापदंड मोठ्या समूहासाठी आहे, एकेकीला तपासायला नाही. पण मी तो माझ्या ताटाला लावून पाहिला. भात आणि तारल्यांचं हुमण: दोन गट. सकाळचा पोदेराचा (पाववाल्याचा) पाव: धान्यच. चहातलं चमचाभर दूध मोजण्याइतकं नाही. रात्री पुन्हा भात आणि वरण: तीन. पाच गाठायला तांबड्या भाजीची एक जुडी आणि एक केळं लागतं. एवढंच. पण महिन्याच्या शेवटी माझ्या यादीतून आधी काय जातं? केळी आणि तांबडी भाजी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांच्या ताटात माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. चौघांचं घर धरलं तर रोज एक किलो सहाशे ग्रॅम भाजी. सरासरी साठ रुपये किलो धरा, हे मी कमीच धरते आहे. रोजचे ९६ रुपये, महिन्याचे जवळजवळ २,९०० रुपये, नुसत्या भाजीचे. गोव्यात गृह आधार योजना २०१२ मध्ये सुरू झाली ती नेमकी यासाठीच, वाढत्या किमतींत घर चालवणाऱ्या बाईला हात द्यायला. सुरुवातीला महिन्याला १,००० रुपये होते, आता १,५००. कितीतरी घरांत हे पैसे बाईच्या नावावर येणारे एकमेव पैसे आहेत, आणि त्या ते जपून, मुलांवरच खर्च करतात, हे मी पाहिलं आहे. दिवसाचे पन्नास रुपये झाले. एका नारळाचे.

रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही फुकट. त्याने घरं तगली, यात शंका नाही. पण मदत धान्याची असेल तर ताटही धान्याकडेच झुकणार. डाळ मात्र बाजारभावाने. २०२२ साली गोव्यात सरकारी गोदामातली दोनशे टनांहून जास्त तूरडाळ खराब झाल्याची बातमी आली. टाळेबंदीच्या काळात लोकांना द्यायला मागवलेली डाळ होती ती. ती बातमी वाचली तेव्हा मला मागच्या खोलीतली ती दोन मुलं आठवली होती, आणि आजही डाळ निवडताना तो राग येतो.

आता या सगळ्याचा हिशेब कुणाच्या अंगावर निघतो ते बघा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ३९ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास होतं. पाच वर्षांखालच्या मुलांत तर निम्म्याहून जास्त, ५३ टक्के. एवढ्या सुखवस्तू राज्यात. याची कारणं एकट्या ताटात नसतील, पण ताट त्यात आहे. बांगड्याचा मधला जाड तुकडा कुणाच्या वाटीत जातो, हे मी प्रत्येक घरात पाहिलंय. कमावणाऱ्याच्या, मग मुलांच्या. डोकं आणि शेपटी बाईला. तिला डोकंच आवडतं असं घरात सगळे म्हणतात, तीही म्हणते. माझी आईही म्हणायची. अंडी चार असली आणि माणसं पाच असली तर कुणाला नको असतं, ते विचारावं लागत नाही. विविधता जाते तेव्हा ती सगळ्यांच्या ताटातून सारखी जात नाही.

त्याच वेळी घरात एक वेगळी विविधता येत असते. दहा रुपयांची चिप्स, पाच रुपयांची बिस्किटं, नूडल्सची पाकिटं, रंगीत सरबतं. २०२२-२३ च्या कुटुंब खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत शहरी घरांच्या एकूण खर्चातला अन्नाचा वाटा ३९ टक्के होता, आणि त्या अन्नखर्चात सगळ्यात मोठा वाटा तयार खाणं, पेयं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा. मी आयांना दोष देत नाही. घरी यायला सात वाजतात, मूल भुकेलं असतं, दहा रुपयांत ते गप्प बसतं. दहा रुपयांत आणखी काय मिळतं? दोन पाव. एक मध्यम केळं. अर्धी जुडी पाला, जो निवडून, धुऊन, चिरून, शिजवायचा आहे आणि मूल खाईलच असं नाही.

मी शिकवते त्या शाळेत माध्यान्ह आहार एक बचतगट पुरवतो. बहुतेक दिवशी पाव आणि भाजी. डबा उघडला की मी भाजीत डाव फिरवून बघते, ही माझी सवय. वाटाण्याचे भाव चढले की डावात बटाटे जास्त येतात. त्या बाईंशी माझं बोलणं होतं. त्या लबाडी करत नाहीत. ताटामागे ठरलेला दर त्यांना मिळतो, तोही कधी कधी उशिरा, आणि त्या दरात गॅस, तेल, पोदेराचं बिल, रिक्षाचं भाडं आणि तीन बायकांची मजुरी बसवायची असते. “टिचर, मूग घालायला मला काय जड आहे? भाव बघा ना,” त्या म्हणाल्या. ज्या दिवशी उसळ असते त्या दिवशी मुलं दुसऱ्यांदा घ्यायला येतात. घरी हिरवा पाला सरकवून देणारं मूल शाळेत, रांगेत बसून, शेजारचा खातोय म्हणून खातं. मागच्या खोलीतला थोरला तर ताट पुसून खातो.

म्हणून मी त्यांच्याकडून हिशेब लिहून घेतला आहे. आठवड्यातून दोन दिवस अळसांदे, मूग किंवा चण्याची उसळ आणि एक दिवस तांबडी भाजी घातलेली डाळ करायची, तर मुलामागे दिवसाला दीड-दोन रुपये जास्त लागतील. तांबडी भाजी आमच्याच एका विद्यार्थिनीची आई पिकवते, शुक्रवारी बाजारात बसते. ती गुरुवारी शाळेला द्यायला तयार आहे, बाजारात बसण्याचं भाडं वाचेल म्हणून थोडी स्वस्तही. पालक-शिक्षक संघाच्या येत्या बैठकीत मी हे मांडणार आहे. हे सरकारचं काम आहे, आपण का पैसे घालायचे, असं कुणीतरी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. दर वाढवून मिळावा म्हणून अर्ज आपण करूच, तोही मी लिहून ठेवला आहे. पण उत्तर येईपर्यंत या वर्षीची पहिलीतली मुलं दुसरीत जातील. ज्यांना जमतं त्या पालकांनी महिन्याला पन्नास रुपये द्यावेत, ज्यांना जमत नाही त्यांना कुणी विचारू नये, आणि कोणी दिले, कोणी नाही, याची यादी फळ्यावर लावायची नाही, एवढी अट मी आधीच मुख्याध्यापकांना सांगितली आहे.